लिआर्डचं उन्हाळं: अलास्का हायवेवर पहिल्यांदाच तंबू ठोकणाऱ्यांसाठी

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळं' म्हणतात. राजापूरजवळ त्याच नावाचं गाव आहे. आपल्याकडे उन्हाळ्यावर जायचं म्हणजे सकाळी निघायचं, देवाचं दर्शन घ्यायचं, कुंडात पाय सोडून बसायचं, वाटेत मिसळ खायची आणि दिवेलागणीला घरी. कॅनडात एडमंटनला आल्यावर कुणीतरी 'वर जंगलात गरम पाण्याचं मोठं कुंड आहे, जाऊन या' म्हणालं, तेव्हा माझ्या डोक्यात हेच चित्र होतं. बायको, मुलगी आणि मी, डिकीत एक तंबू, अर्धी टाकी पेट्रोल, आणि आरक्षण? 'तिकडे कोण जातंय एवढ्या लांब!'

रात्री अकराला पोचलो तेव्हा तंबूच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. रस्त्याकडेच्या गाडी थांबवायच्या जागेत काचा वर करून झोपलो. आत आमचा श्वास गुदमरत होता आणि बाहेर डास काचेवर टकटक करत होते. त्यानंतर आणखी तीनदा जाऊन आलो आणि आता नवीन कुणी निघालं की मला फोन येतो. दर वेळी तेच सांगतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सांगायचं मुख्य एवढंच की तिथलं पाणी सोपं आहे, अवघड आहे तो रस्ता, आणि दुसरं म्हणजे आपल्या डब्याचा वास.

जागा कुठे आहे

लिआर्ड रिव्हर हॉट स्प्रिंग्ज हे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं उद्यान आहे, अगदी उत्तरेकडच्या टोकाला, शेजारच्या युकॉन प्रदेशाच्या सीमेच्या अलीकडे. अलास्का हायवे डॉसन क्रीक गावापासून सुरू होतो, तिथून साधारण 765 किलोमीटरवर. जुने लोक अजून मैलात बोलतात, त्यांच्या हिशोबात मैल 496. हा भाग कास्का देना या इथल्या मूळ रहिवाशांचा. 1942 मध्ये अमेरिकी सैन्याने हा हायवे घाईघाईने बांधला, तेव्हा दमलेल्या जवानांना आंघोळीला जाता यावं म्हणून दलदलीवरून पहिली लाकडी वाट त्यांनीच टाकली. उद्यान झालं 1957 मध्ये.

इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं, बर्फाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खूप खोल मुरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कुंडातलं तापमान 42 ते 52 अंश. गंमत म्हणजे हे पाणी सरळ नदीला जाऊन मिळत नाही, आजूबाजूच्या दलदलीत पसरतं. त्यामुळे सभोवार थंड प्रदेश आणि मधेच एक ऊबदार हिरवा पट्टा, त्यात कंबरेएवढे नेचे आणि ऑर्किड. पूर्वी या दरीबद्दल 'उत्तरेतली उष्ण कटिबंधाची दरी' अशा दंतकथा पसरल्या होत्या. जून महिन्यात तिथून चालताना आंबोलीच्या पावसाळ्याची आठवण येते, फक्त बेडकांऐवजी मूस, म्हणजे घोड्याएवढं हरीण, उभं असतं.

केव्हा जायचं

उद्यान बारा महिने उघडं असतं, पण पहिल्या खेपेला जूनअखेर ते ऑगस्ट एवढंच धरा. जूनअखेरीस सूर्य रात्री साडेदहाच्या पुढे मावळतो आणि पहाटे चारला परत हजर. तंबू ठोकायला उशीर झाला तरी उजेड असतो हा फायदा, आणि लहान मुलं झोपत नाहीत हा तोटा. डोळ्यांवर बांधायला जाड पट्टी किंवा ओढणी ठेवा. डास जून-जुलैत भयंकर असतात, ऑगस्टच्या मध्यानंतर कमी होतात. म्हणून मला स्वतःला ऑगस्टचा शेवटचा आठवडा सर्वात आवडतो. सप्टेंबरात मात्र रात्री पाणी गोठायला लागतं. हिवाळ्यात, उणे तीसमध्ये, कुंडात बसून केसांवर बर्फ जमलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. ते खरे आहेत, पण ते लोक नवखे नाहीत.

वणव्यांचं लक्षात ठेवा. मे 2024 मध्ये वणव्यामुळे वाटेतलं अख्खं फोर्ट नेल्सन गाव रिकामं करावं लागलं होतं. रस्ता एकच आहे. तो बंद झाला की जवळून वळसा घालून जायची सोय नाही. निघायच्या आदल्या रात्री आणि रोज सकाळी प्रांताच्या रस्त्यांची आणि वणव्यांची सरकारी माहिती बघायची. तिकिटं काढलीत, सुट्टी टाकलीत, तरी धूर दिसला की परत फिरायची तयारी हवी.

आरक्षण

तंबूच्या जागा पन्नासच्या आसपास आहेत. उन्हाळ्यात बी. सी. पार्क्स या प्रांताच्या उद्यान खात्याच्या संकेतस्थळावरून आरक्षण करता येतं. तारखा खुल्या झाल्या की लगेच करून टाका, आणि आरक्षणाची एक प्रत घरच्यांनाही पाठवा. आरक्षण नसेल तर दुपारी दोनच्या आत पोचायचं, म्हणजे सकाळी निघून गेलेल्यांची एखादी जागा मिळण्याची शक्यता असते. किमान दोन रात्री घ्या. एवढं अंतर तोडून एकाच रात्रीत परत फिरणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळस बघून माघारी येणं.

रस्ता

एडमंटन ते डॉसन क्रीक सुमारे 590 किलोमीटर. तिथून फोर्ट नेल्सन 454. तिथून लिआर्ड 311. एकूण साडेतेराशे. उत्साही तरुण मंडळी हे दोन दिवसांत करतात. मी तीन सांगेन: पहिला मुक्काम फोर्ट सेंट जॉन, दुसरा फोर्ट नेल्सन, तिसऱ्या दिवशी दुपारी लिआर्ड. दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवलाय, कारण त्या दुपारी खरेदी करायची आहे. रस्ता सगळा डांबरी आहे, पण जिथे काम चालू असेल तिथे खडी लागते आणि समोरून येणारे ट्रक ती खडी तुमच्या काचेवर फेकतात. गाडी भाड्याची असेल तर करारात खडीच्या रस्त्याबद्दल आणि युकॉनमध्ये नेण्याबद्दल काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा.

पेट्रोलचा नियम: काटा अर्ध्यावर आला की पुढचा पंप सोडायचा नाही. भाव बघायचा नाही. 'पुढे स्वस्त मिळेल' हे वाक्य फोर्ट नेल्सनच्या पुढे विसरायचं. टोड रिव्हर, मंचो लेक, लिआर्ड अशी मोजकी ठिकाणं आहेत आणि ती रात्रभर उघडी असतीलच असं नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर दर दहा मिनिटांनी वडापाव दिसतो, त्याची सवय झालेल्या माणसाला दोन तास एकही दुकान न दिसणं म्हणजे काय, हे तिथे गेल्यावरच कळतं.

फोर्ट सेंट जॉननंतर मोबाइलला रेंज बहुतेक वाटेवर नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या, छापील नकाशाही बरोबर ठेवा, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा तशी सोय असलेला फोन असेल तर उत्तम. नसेल तर घरी एकाला सांगून ठेवा: अमुक दिवशी अमुक वेळेपर्यंत माझा फोन आला नाही तर पोलिसांना कळव. बारीकशी गोष्ट, पण गोंधळ टाळते: उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एडमंटनच्या एक तास मागे असतं. आईला 'नऊला फोन करतो' म्हणालात तर कुठले नऊ ते सांगा.

फोर्ट नेल्सननंतर रस्ता डोंगरात शिरतो. समिट लेकपाशी हायवे सर्वात उंच जातो, 1,295 मीटर. मग मंचो लेक लागतो, हिरव्या-निळ्या रंगाचा. तिथे काळपट करड्या रंगाची डोंगरी मेंढरं रस्त्याकडेचे क्षार चाटायला येतात आणि गाड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यापुढे बायसन, म्हणजे तिकडचे रानबैल. लिआर्डच्या दोन्ही बाजूंना त्यांचे कळप रस्त्याच्या कडेने चरत असतात, आणि मोठा नर आठ-नऊशे किलोचा भरतो. गवा पाहिलेल्या माणसाला आकाराचा अंदाज येईल, पण गवा आपल्याला बघून झाडीत जातो, हा जात नाही. अंधारात तो अजिबात दिसत नाही. अंगाचा रंग डांबरासारखा, आणि डोळे खाली असल्यामुळे ते गाडीच्या प्रकाशात चमकत नाहीत. म्हणून सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. त्या पहिल्या रात्री आमच्यापासून वीस पावलांवर एक उभा होता. बायकोने 'अहो, झाड!' म्हणून ओरडून थांबवलं. झाडाने मान हलवली.

फोर्ट नेल्सनची खरेदी

मोठं किराणा दुकान हे शेवटचं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन भरून घ्या. अस्वल अंगावर आलं तर त्याच्यावर मारायचा फवारा इथे किंवा आधीच्या कुठल्याही मोठ्या गावात मिळतो. विमानात तो नेता येत नाही, म्हणून मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी बॅगेत टाकायचा विचारही करू नये. डब्यावरची मुदत बघा. डासांसाठी डीट नावाचं रसायन असलेलं मलम आणि डोक्यावरून ओढायची जाळी घ्या. जाळी घातल्यावर माणूस मधमाश्या पाळणाऱ्यासारखा दिसतो, पण तिथे सगळेच तसे दिसतात.

झोपायच्या पिशवीवर तापमान लिहिलेलं असतं. शून्य अंशाची घ्या. तिच्याखाली घालायची गादी तिच्याइतकीच महत्त्वाची, कारण थंडी खालून येते. ही चूक आपली माणसं हमखास करतात. चार ब्लँकेटं अंगावर घेतात आणि खाली सतरंजी.

अस्वल आणि आपली फोडणी

इथे जरा थांबतो, कारण बाकी सगळं इंग्रजीत कुठेही वाचायला मिळेल, हे मिळणार नाही.

लिआर्डच्या परिसरात काळी अस्वलं आहेत, मोठी तपकिरी ग्रिझलीही. ऑगस्ट 1997 मध्ये कुंडाजवळच एका काळ्या अस्वलाच्या हल्ल्यात दोन माणसं मरण पावली. वरचं दुसरं कुंड, ज्याला बीटा म्हणतात, ते अस्वलांच्या वावरामुळेच बंद ठेवलेलं आहे. पाटी लावलेली असेल, दोरी बांधलेली असेल, तर पलीकडे जायचं नाही. 'दोन मिनिटं फोटो काढून येतो' हेही नाही.

अस्वलाला सहसा तुमच्यात रस नसतो, वासात असतो. नियम सोपा आहे: ज्याला वास आहे ते तंबूत नाही. खाणं तर सोडाच, टूथपेस्ट, साबण, कचऱ्याची पिशवी, कुत्र्याचा वाडगा, सगळं गाडीत, काचा बंद, कुलूप लावून. आता आपल्या यादीत काय काय येतं ते बघा. खोबरेल तेल. बाळाला लावायचं तेल. पर्समधली बडीशेप. सकाळी लावायला आणलेली उदबत्ती. औषधाच्या डब्यातला हिंग. लसणाच्या चटणीचा डबा, ज्याचं झाकण कधीच नीट लागत नाही. आणि आदल्या रात्री ज्यात फोडणी दिली तोच अंगातला स्वेटर! तो घालून झोपलात की तंबू म्हणजे वास सोडणारी पोटली.

म्हणून आमच्या घरी ठरलेली पद्धत अशी. तिथे फोडणी द्यायची नाही. तळण नाही, मासे तर मुळीच नाहीत. घरून मेतकूट, भाजलेले पोहे, गूळपापडी, दशम्या, कोरडी चटणी. तिथे फक्त भात आणि रव्याची खीर किंवा उपीट, ज्याचा रवा घरीच फोडणीसकट भाजून आणलेला. गरम पाणी ओतलं की झालं. स्वयंपाकाचे कपडे वेगळे, जेवण झालं की ते काढून गाडीत. भांडी लगेच घासायची, खरकटं पाणी झाडीत भिरकावायचं नाही, गाळून उरलेलं कचऱ्यात आणि पाणी ठरवून दिलेल्या जागी. कचरा अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत. तिचं झाकण आपल्यालाही पहिल्या झटक्यात उघडत नाही, आतून खटका दाबावा लागतो.

आमच्या शेजारच्या जागेवर एकदा बिर्याणी शिजत होती. वास एवढा सुंदर की मी स्वतःच दोनदा त्या बाजूने चक्कर मारली. अर्ध्या तासात उद्यानाचा कर्मचारी आला आणि शांतपणे म्हणाला, 'मला आला तर त्यालाही आला असेल.' त्या मंडळींनी पातेलं गाडीत ठेवून गाडीतच जेवण उरकलं.

अस्वल दिसलंच तर पळायचं नाही. मुलांना मधे घ्या, हळू आवाजात बोलत राहा, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. फवारा कंबरेला हवा, बॅगेच्या तळाशी नाही. अस्वल पाच-सात मीटरवर आल्यावरच तो उपयोगी पडतो आणि वारा तुमच्याकडे असेल तर तुमच्याच डोळ्यांत जातो. घरच्या आवारात डब्याचं सुरक्षेचं प्लॅस्टिक काढायचा सराव करून ठेवा, दाबून बघू नका. बायसन तंबूंच्या मधून फिरत आला तर त्याला वाट द्या आणि निदान शंभर मीटर लांब राहा.

तंबू

दिवस असताना ठोका. जागा सपाट आहे, खडी घातलेली असते, म्हणून साध्या खुंट्या वाकतात. जाड लोखंडी खुंट्या आणि छोटा हातोडा न्या. वर ताडपत्री बांधायला दहा-पंधरा मीटर दोरी. पाऊस आला की तंबूपेक्षा ती ताडपत्रीच दिवस वाचवते. सरपण जंगलातून गोळा करायचं नाही, विकत घ्यायचं, आणि आगबंदी असेल तर शेकोटीचा विषय काढायचाच नाही.

आता कुंड

गाड्या लावायच्या जागेपासून साधारण 700 मीटरची लाकडी वाट आहे. कुत्र्याला नेता येत नाही. वाटेत दलदलीकडे लक्ष द्या. तिथे छोटे मासे आहेत, आणि कुंडाच्या काठाशी एक गोगलगाय, एक सेंटिमीटरपेक्षा लहान, जी जगात फक्त इथेच सापडते. तुमच्या अंगावरचं मलम, तेल, साबण थेट तिच्या घरात जातं. म्हणून डासांचं मलम लावलं असेल तर आधी पुसून-धुऊन मगच उतरा, आणि पाण्यात साबण नाही. आपल्याकडे कुंडावर उटणं लावून बसलेली मंडळी बघायची सवय असते, ती इथे सोडायची.

कपडे बदलायला खोली आहे. पोहण्याचा पोशाख हवा. साडी किंवा सैल कुर्ता पाण्यात फुगतो आणि पायऱ्यांवर अडखळायला होतं. काचेची बाटली आणि दारू कुंडावर चालत नाही.

पाण्यात उतरताना खालच्या टोकाने उतरा. झऱ्याचं तोंड वरच्या बाजूला आहे आणि तिथे खरोखर चटका बसतो. पहिल्यांदा मी शौर्य दाखवायला तिकडे गेलो आणि गुडघ्याच्या वर जाऊ शकलो नाही. एक म्हातारा मात्र मानेपर्यंत बसून आमच्याकडे बघत हसत होता. खालून सुरुवात करून हळूहळू वर सरकायचं, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन फळीवर बसायचं, पाणी प्यायचं, परत उतरायचं. डोकं पाण्याखाली घालायचं नाही, मुलांनाही नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका. गरोदर बायका, रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असलेले, यांनी घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. तिथून इस्पितळ तासांच्या हिशोबात आहे.

पाण्यात गंधक आहे. चांदीचे दागिने तंबूवर काढून ठेवा. माझ्या बायकोची जोडवी पंधरा मिनिटांत आधी पिवळी, मग निळसर आणि शेवटी तव्याच्या बुडासारखी झाली. घरी आल्यावर चिंच लावून घासली, पण खाचेतला काळा रंग अजून आहे.

गर्दी टाळायची तर पहाटे. सहाच्या सुमारास गेलो तर वाफ पाण्यावर टेकलेली असते, समोरचं माणूसही दिसत नाही, फक्त आवाज येतो. वाटेवर मात्र त्या वेळी अस्वलाला चाहूल लागावी म्हणून टाळ्या वाजवत, बोलत चालायचं. मुलगी पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा तिचा तिथेच पाठ झाला.

निघताना

ओले टॉवेल आणि कपडे मागच्या काचेशी वाळत घाला, नाहीतर दोन दिवस गाडीला अंड्यासारखा वास येतो. शेकोटीवर पाणी ओता, राखेत हात घालून गार झाल्याची खात्री करा. टेबलाखाली एकदा वाकून बघा, लिमलेटचा कागद तिथेच पडलेला असतो.

दिवस हाताशी असेल तर परत फिरण्याऐवजी आणखी दोनशे किलोमीटर वर वॉटसन लेकला जा. हायवे बांधताना 1942 मध्ये घरची आठवण येणाऱ्या एका सैनिकाने आपल्या गावाच्या अंतराची पाटी तिथे लावली. मग येणारा प्रत्येक जण लावत गेला आणि आता खांबांवर हजारो पाट्यांचं जंगल उभं आहे. आपल्या गावाची पाटी एडमंटनहूनच फळीवर रंगवून न्या. तेलरंग वापरा, पाऊस असतो. हातोडी आणि दोन इंची खिळे आपलेच न्या, आणि गावाचं नाव देवनागरीतच लिहा.